बाई गड चढतात

मैदानात उतरायला मोजून चारच पायऱ्या. पण प्रियदर्शनीबाई कठडा धरून केव्हाच्या वरच उभ्या होत्या. नांदेडची हिवाळी सकाळ, दगडावर दव पडलेलं… आणि पाय काही पुढे पडेना.

"हात देऊ का, बाई?" मागून कुणीतरी विचारलं.

"नको. मोडलाय एकदा."

"मंग खांदा देतो."

"खांदा?" बाई गर्रकन वळल्या. "अहो, मी अजून जिवंत आहे!"

समोरचे पांढऱ्या मिशांचे उंच गृहस्थ आधी गोंधळले, मग असे खळखळून हसले की लिंबावरची पाखरं उडाली. बाईंनाही हसू आवरेना. हसता हसता त्या खाली कधी उतरल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

हे विरूपाक्ष. देगलूरचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, त्याही एकट्याच. आदल्या वर्षी न्हाणीत घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. "हाडं ठिसूळ झालीत," डॉक्टर म्हणाले होते. "गोळ्या घ्याच, पण बसून राहू नका. भार पेलला तरच हाडं टिकतात." पुण्याची लेक रूपाली मात्र फोनवर बजावायची, "आई, जास्त हलू नकोस. पडलीस तर?" त्या 'पडलीस तर'नं बाईंना घरात बसवलं होतं.

आता मात्र त्या रोज येऊ लागल्या. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी शिकवलेलं दोघं मिळून करायचे. टाचा उचलायच्या, हात न टेकता बाकावरून उठायचं, वाळू भरलेल्या बाटल्या वर-खाली करायच्या.

"कंडक्टरसाहेब, दमले मी."

"मागं जागा न्हाई, बाई. पुढं सरका!"

"आणि तिकीट?"

"तुमाला पास हाय…" ते क्षणभर थांबले. "कायमचा."

बाईंनी पदर सावरला… उगीचच. कानाच्या पाळ्या मात्र गरम झाल्या होत्या.

भेटल्यावर ते लिंगायत रीतीनं "शरणार्थ" म्हणायचे, बाई "जय भीम". एका सकाळी ते "जय भीम" म्हणाले आणि नेमक्या त्याच वेळी बाई "शरणार्थ" म्हणून गेल्या. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

वर्षभरानं तपासणी झाली. हाडांची झीज थांबली होती. बाईंनी आनंदानं लेकीला फोन केला, पण तिची काळजी काही सरली नाही; उलट तीच त्यांना न्यायला आली. "पुण्यात तुला पाऊलसुद्धा उचलावं लागणार नाही, आई."

बाईंनी हे मैदानात सांगितलं, तेव्हा विरूपाक्ष बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले.

"जाणार मंग?"

"तिला काळजी वाटते हो."

"अन् तुमाला काय वाटतंय?"

"मला… इथंच राहायचंय."

"मंग तिला सांगू नका. दाखवा."

घरी येऊन बाई लेकीला म्हणाल्या, "ठीक आहे. पण आधी माहूरचा गड चढू. जमलं, तर मी इथंच राहीन. नाही जमलं, तर तू म्हणशील तसं."

रविवारी आईच्या रोजच्या सोबतीचे म्हणून विरूपाक्षही आले, आणि तिघं गडाच्या पायथ्याशी उभे राहिले. बाई एका लयीत चढत होत्या. रूपाली मात्र मागे धापा टाकत होती. अर्ध्या वाटेवर बाईंच्या पायाखालचा दगड निसटला. रूपाली किंचाळली. विरूपाक्षांनी झटकन हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. बाई गुडघ्यात वाकल्या, डुलल्या… आणि आपल्याच पायांवर ताठ उभ्या राहिल्या.

"चला," त्या म्हणाल्या.

वर भन्नाट वारा होता. चहूकडे सागाचे डोंगर. रूपाली एका दगडावर बसून आईकडे नुसती बघत होती. बाई तटाशी उभ्या असलेल्या विरूपाक्षांजवळ गेल्या.

"मघाशी हात मागे का घेतलात?"

"ठावं होतं, तुमी सावरणार." मग ते मान खाली घालून म्हणाले, "खोटं कशाला बोलू… जीव गळ्याशी आलता."

"मग?"

"मंग काय… धरून ठेवायचं न्हाई तुमाला. संगं चालायचं हाय. पुढची समदी वाट."

"हे सांगताय, की विचारताय?"

"विचारून राहिलो, बाई. हसू नका, लई धडधडून राहिलंय."

बाईंचे डोळे भरून आले. जन्मभर शुद्धलेखन शिकवलेल्या त्या बाई स्वच्छ आवाजात, त्यांच्याच बोलीत होकार देत म्हणाल्या, "हाव!"

रूपाली उठून जवळ आली. आईचा वाऱ्यानं लाल झालेला चेहरा तिनं नीट पाहिला. असा चेहरा तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"काका," ती म्हणाली, "आईला घेऊन पुण्याला या हं… पाहुणे म्हणून."

उतरताना बाई सगळ्यांत पुढे होत्या, आणि त्यांना "सावकाश" म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही.