सवंगड्यांचा हेल

हेलवेध यंत्राला माणसाचे तीन मिनिटांचे बोलणे पुरे होई. बोलायचे काय, याला बंधन नव्हते. कुणी हवेला शिव्या घाली, कुणी बटाट्याचे पीक कसे बुडाले ते सांगे. यंत्र शब्दांकडे ढुंकूनही पाहत नसे. दोन अक्षरांमधली विश्रांती, स्वर चढायला लागणारा वेळ आणि वाक्य संपताना आवाज कुठे टेकतो, एवढेच ते मोजी. मग पडद्यावर दोन गोष्टी उमटत: माणसाचा हेल मुळात कुठल्या गावचा, आणि त्याची घडणसंख्या, म्हणजे किती जणांच्या आवाजांनी तो हेल घडवला तो आकडा.

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बालिनारा गावात हे यंत्र बनवले ते मिरजेच्या डॉ. हेमांगी आवटी यांनी. समुद्र किनारा गिळत चालला होता. उरलेल्या जमिनीवर तिथेच लहानाचे मोठे झालेल्यांनी राहावे, असा वसाहत मंडळाचा नियम होता. शाळेचे दाखले, फोटो, साक्षी, सगळे घरबसल्या खोटे बनवता येत असल्याने कागदाला काडीची किंमत उरली नव्हती. हेल मात्र खोटा करता येत नाही. आपल्या आवाजांची पारख एका परदेशी बाईने करावी, हे गावात अनेकांना रुचत नसे. पण हेमांगीचा कान तिखट होता आणि जीभ त्याहून.

त्या आठवड्यात डेनिस हर्ली नावाचा साठीचा मेंढपाळ तपासणीला आला. जन्म बालिनाऱ्यातला, गाव कधी सोडलेले नाही. यंत्राने त्याला दूर उत्तरेकडच्या मेयो परगण्याचा ठरवला. हेमांगीचे सहकारी डॉ. फिनबार क्रोनिन अस्वस्थ झाले.

"हा माणूस माझ्या वडिलांना मेंढ्या विकायचा, हेमांगी. मेयो त्याने नकाशातसुद्धा पाहिलं नसेल."

"त्याची आई मेयोची होती, आणि घर टेकडीवर एकटं," हेमांगी म्हणाली. "मूल बोलायला आईकडून शिकतं, पण हेल उचलतं तो सवंगड्यांचा. पाच ते बारा या वयात ज्यांच्याशी भांडलं, ज्यांच्यातलं एक व्हावंसं वाटलं, त्यांचा. याच्याशी कुणी खेळलंच नाही, म्हणून आईचा हेल तसाच राहिला. घडणसंख्या बघा ना. एक."

"म्हणजे तो एकटा होता, एवढंच यंत्र सांगतंय. परका होता असं नाही."

"नियमाला दोन्ही सारखंच."

अपिलाची सोय होती. लहानपणच्या दोन सवंगड्यांची नावे द्यायची, नातेवाईक चालणार नाहीत; ही अट हेमांगीनेच घातली होती. कुत्र्याचे नाव चालेल का, असे डेनिसने टोपी चुरगाळत विचारले. हेमांगीला तेव्हा हसू आले होते.

पुढच्या सोमवारी तिच्या मुलीची तपासणी होती. जुई तीन वर्षांची असताना बालिनाऱ्याला आली, आता अठराची झाली होती. हेमांगीचा परवाना नोकरीपुरता. सज्ञान मुलगी त्यात बसत नव्हती. जुईला स्थानिक दाखला मिळाला नाही, तर नव्वद दिवसांत एकटीने देश सोडावा लागणार होता.

"कर्मचाऱ्यांच्या मुलांना सूट आहे," फिनबार म्हणाले. "घेऊन टाक."

"आणि लोकांनी माझ्या तोंडात शेण घालावं? तिला इथले जेवढे शब्द येतात तेवढे तुम्हालाही येत नसतील."

सूट नाकारल्याच्या अर्जावर तिने सही केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शब्दांचे मात्र खरे होते. भिंतीतल्या कपाटाला जुई 'प्रेस' म्हणे, नाव न आठवणाऱ्या कुठल्याही वस्तूला 'योक', किराण्याला 'मेसेजेस'. शाळेतून ती रोज एक नवा शब्द आणी. त्या शब्दांवर हेमांगीचा बोलीकोश उभा राहिला होता. कुणाकडून शिकलीस, असे विचारले तर ती 'नीव्हकडून' म्हणे.

घरात मायलेकी मराठीतच बोलत. जुईचे इंग्रजी कानावर पडे तेव्हा हेमांगी त्यातले शब्द टिपी. परक्याचा हेल खोलीबाहेरून ओळखणाऱ्या या बाईला पोरीचा हेल कधी जाणवलाच नाही, कारण तो तिचा स्वतःचाच होता, आणि स्वतःचा हेल कुणालाच ऐकू येत नाही.

जुई तीन मिनिटे इंग्रजीत समुद्राबद्दल बोलली. पडद्यावर आले: मिरज, महाराष्ट्र. घडणसंख्या एक.

"बिघडलंय," हेमांगी म्हणाली.

फिनबारनी तीनदा तपासणी केली. तिन्ही वेळा उत्तर तेच. त्यांनी अपिलाचा अर्ज हेमांगीपुढे ठेवला आणि चहा आणतो म्हणून ते बाहेर गेले.

"नीव्हचं आडनाव सांग. लवकर."

"नीव्ह नव्हतीच, आई."

"नव्हती म्हणजे? सात वर्षं तू तिचं नाव घेत होतीस."

"मधल्या सुट्टीत त्या पोरी खेळायच्या आणि मी भिंतीशी बसून ऐकायचे. घरात पाऊल टाकलं की तू शब्द विचारायचीस. एखाद्या दिवशी नाही आणला तर तुझं तोंड उतरायचं. म्हणून आणायचे."

"मला सांगायचं नाही का गं?"

"चौथीत सांगितलं होतं. माझ्याशी कुणी बोलत नाही म्हणून. त्या पोरी जसं म्हणतात तसंच म्हटलं होतं, त्यांच्या भाषेत. तू म्हणालीस, किती सुंदर म्हणतात इकडे, आणि लिहून घेतलंस."

ते वाक्य हेमांगीला पाठ होते. कोशाच्या प्रस्तावनेत तिने ते उदाहरण म्हणून दिले होते आणि तीन देशांतल्या सभांमध्ये म्हणूनही दाखवले होते. प्रत्येक ठिकाणी टाळ्या पडल्या होत्या.

"मी यंत्रदोष लिहिते," ती म्हणाली. तिला रडू आवरेना.

"डेनिसकाकांना का नाही लिहिलास?" जुईने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच हेमांगीला सोसवेना. "यंत्राचं काही चुकलेलं नाही, आई."

फिनबार चहाचे कप घेऊन आत आले. दोघींकडे पाहून दारातच थांबले.

"मिळाली का नावं?" त्यांनी हळूच विचारले.

"एकच आहे," जुई म्हणाली आणि तिने आईकडे बोट केले. "पण ते नियमात बसत नाही."