व्हायोलेटचा पाक

"बाईसाहेब गेल्या!"

सकाळी सकाळी हॅलिवेलबाईंच्या घरातून आरोळी उठली. गावचा कॉन्स्टेबल गिल्बर्ट थ्वेट न्याहारी टाकून धावला.

पलंगाखाली पेल्याच्या काचा. उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर गुलाबी डाग. कोपऱ्यात मोलकरीण टॅम्सिन पोट धरून बसलेली.

"हिनंच मारलं!" पुतण्या अँब्रोज गरजला. "औषधात सोमल घातला! न्या यॉर्कला, चढवा फासावर!"

मेल्याला घाई किती! काकू अजून गार झाली नव्हती, तोच तिच्या किल्ल्या याच्या कमरेला.

"नाही हो साहेब," टॅम्सिन कण्हली. "ताप होता म्हणून काल व्हायोलेटच्या फुलांचा पाक दिला, लिंबू पिळून. नेहमी देते तसाच."

"पोटाला काय झालं?"

"काय ठाऊक! औषध करणारीनं चमचा चाटायचाच, हा बाईसाहेबांचा नेम. त्यानंतर दुखतंय."

"भीतीनं दुखतंय," अँब्रोज फिस्कारला.

थ्वेट त्याच्याकडे वळला. "तुम्ही काय पाहिलंत?"

"सगळं! दाराच्या फटीतून. हिनं लिंबू पिळलं, पाक ढवळला, मग पुडी सोडली."

"औषध दिसलं?"

"स्वच्छ! उन्हात पेला निळाभोर दिसत होता. शपथेवर सांगतो."

"पाकाची बाटली असते त्या औषधाच्या खोलीत जाता कधी?"

"मी? त्या बायकांच्या राज्यात कशाला जाऊ?"

"पोरी, पाकाची बाटली आण. लिंबू आणि दुसरा पेलाही."

थ्वेटनं पेल्यात लिंबू पिळलं, वरून निळा पाक ओतला. बघता बघता पेला गुलाबी झाला.

"माझी बायको दर हिवाळ्यात मला हेच पाजते," थ्वेट म्हणाला. "लिंबू लागलं की निळा रंग टिकत नाही. अभ्र्यावरचा डागही गुलाबीच आहे. म्हणजे पेल्यात तुम्ही काहीच पाहिलं नाहीत. निळा पाक पाहिलात तो बाटलीत, सोमल मिसळताना. हिनं विष घातलं असतं, तर चमचा चाटला असता का?"

"थापा! पुरावा काय?"

थ्वेटनं बाटली हलवली, चमचा भरला आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या. निव्वळ फुलांचा पाक ना?"

अँब्रोजनं चमचा उडवला आणि दाराकडे धाव घेतली. दारात आरोळी ऐकून जमलेले गावकरी होते. त्यांनी त्याला तिथंच आवळला.

टॅम्सिन हमसून रडू लागली. "साहेब, पण पाजलं तर मीच ना?"

थ्वेटनं मेजावरचा दुधाचा तांब्या तिच्या हातात दिला.

"आधी हे पी. सगळं पी. तू जगायला हवीस, पोरी."