लोटूच्या ट्रकमधली खोट

तुमची गाडी गजेंद्र तपासेल. माझा भागीदार आहे, हात चांगला आहे त्याचा. मी हल्ली चालू इंजिनाजवळ जात नाही. सचिन गावातल्या या रस्त्यावर बावीस वर्षं डिझेल गाड्यांचा फिटर म्हणून काढली, आणि आता पत्र्याखाली बसून गिऱ्हाइकांना चहा पाजतो. विचारलंत म्हणून सांगतो. कोणाला पटत नाही. तुम्हालाही पटू नये असंच मला वाटतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. उसाचा हंगाम होता. लोटू आमच्या शिंदखेड्याकडचा, चलथाणच्या साखर कारखान्यावर ऊस ओढायचा. ट्रक जुना, सहा सिलिंडरचा, साध्या पंपाचा. त्यात कॉम्प्युटरची भानगड नाही. सकाळी दहाच्या उन्हात त्यानं तो दारात लावला.

"गोपालभाऊ, गाडी मिसिंग मारी ऱ्हायनी," तो म्हणाला. "पन रोज नई. तिना मनले ई तवयच."

मधूनच एक ठोका चुकायचा. गाडी हिसका द्यायची आणि पुन्हा शहाण्यासारखी चालायची. माझ्या दारात तर अगदी गरीब गाय. मी हसलो. म्हटलं, ठेवून जा, घोडं कुठं पेंड खातंय ते शोधतो.

आमची रीत साधी. चालू इंजिनात एकेका सिलिंडरच्या डिझेल पाइपचा नट ढिला करायचा. निरोगी सिलिंडर असेल तर आवाज लगेच बसतो. ज्याचा नट ढिला करूनही आवाज बदलत नाही, तो चोर. पहिल्या दिवशी चोर चौथा निघाला. मी त्याचं डिझेल फवारणारं नोजल दुसऱ्यावर बसवलं, दुसऱ्याचं चौथ्यावर. खोट नोजलात असेल तर त्याच्याबरोबर जाईल, नसेल तर चौथ्यावरच राहील. पुढच्या दिवशी ती सहाव्यावर सापडली. सहाव्याला मी हातही लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी पहिल्यावर. फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, पंप तपासून आणला. खोट आत फिरतच होती... माझ्या एक पाऊल पुढे.

चौथ्या दिवशी दुपारी गजेंद्र जेवायला गेला होता. मी लांब लोखंडी गज घेतला. एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. जुने फिटर असंच ऐकतात. डॉक्टरची नळी म्हणा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

ठोके नीट पडत होते. मग एक चुकला, आणि त्या रिकाम्या जागेत कोणीतरी दम धरून बसलं होतं. आपण दाराला कान लावावा आणि पलीकडूनही कोणीतरी लावलेला असावा... तसं. गरम डिझेलच्या वासातून बंद खोलीचा कुबट वास आला. गज तापायला हवा होता, तो कानाशी गार पडला. मग कानाच्या आत काहीतरी सरकलं. मी गज फेकला.

इंजिन सुतासारखं सरळ चालू लागलं. लोटू खूश. "जादू से तुना हातमा!" म्हणाला. आजवर तो ट्रक एकदाही चुकलेला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खोट नाहीशी होत नाही, ती जागा बदलते.

आठवड्याभरात, ज्या इंजिनाला मी कान लावीन ते चुकू लागलं. तेच गजेंद्रनं ऐकलं की ठणठणीत. लिंबायतला आमच्या घराखाली यंत्रमाग आहेत. मी पडल्या पडल्या ऐकू लागलो की त्या खटखटीतला एक ठोका गळायचा. मनाची समजूत घातली, माझाच कान बिघडला असेल.

मग चंचलची, माझ्या बायकोची सोनोग्राफी आली. सातवा महिना, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके मोठ्यानं ऐकवले. किती गोड वाटलं सांगू! मी पुढे वाकून कान दिला. एक ठोका गेला. मग आणखी एक. बाईंच्या कपाळाला आठी पडली. मी दोन्ही कान घट्ट दाबले. पडद्यावरची रेघ पुन्हा नीट वरखाली होऊ लागली. हात काढले, रेघ तुटली. पुन्हा दाबले, नीट. बावीस वर्षांचा फिटर मी. एवढं निदान मला पुरलं.

त्याच संध्याकाळी मुद्दाम भांडण उकरून काढलं आणि कपडे पिशवीत भरून इथं राहायला आलो. खरं काय सांगणार होतो तिला? मुलगी झाली. गायत्री नाव ठेवलं. मी तिला अजून पाहिलेली नाही. बघायला काय हो, पण मूल रडतं, हसतं. कापसाचे बोळे घालूनही ऐकू येतंच.

गेल्या आठवड्यात चंचलनं फोनवर रेकॉर्डिंग पाठवलं, झोपलेल्या गायत्रीच्या श्वासाचं. खाली लिहिलं होतं, 'माझ्यावर राग धरा, पोरीवर नको.' दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, हा तर साठवलेला आवाज. घेऊन झालेले श्वास. त्यांना माझ्यानं काय होणार? बापाचं काळीज. चुकलं माझं.

लावलं. एक श्वास, दुसरा, तिसरा... सगळे नीट. मी ढसाढसा रडलो. पुन्हा लावलं. सातव्या श्वासानंतर एक जागा रिकामी होती. पहिल्यांदा ती नव्हती. आणि आम्हा फिटरांची खोड अशी की पुन्हा तपासल्याशिवाय खोट पक्की मानायची नाही. तिसऱ्यांदा लावलं. ती जागा लांबली... लांबतच गेली.

तेवढ्यात चंचलचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"तुम्ही आते काही आयकी ऱ्हायनथात का?"

यातलं एक अक्षर मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"खरं सांगा... कितींदा आयकं? पोरना श्वास बंद पडना व्हता. परत उना. आते पुन्हा..."

ती थांबली. पुढचं कळावं म्हणून मी फोन कानावर घट्ट दाबला. आणि लक्षात आलं, मी ऐकतोय. मी फोन कापला.

काल गजेंद्र लिंबायतला जाऊन आला. घराला कुलूप. शेजारच्या प्रमिलाबाई म्हणाल्या, फोन झाला त्याच दुपारी चंचल पोरीला पोटाशी धरून धावत गेली. कुठं, ते कोणाला माहीत नाही. फोन घरातच राहिलाय. लावला की आत वाजतो.

आणि त्याच नंबरवरून आज सकाळपासून मला रेकॉर्डिंग येताहेत. चार आली. खाली काही लिहिलेलं नाही. मी उघडणार नाही, आणि गजेंद्र तर फोनला हात लावत नाही.

तुम्ही ऐकाल एखादं? माझ्यापासून लांब, त्या झाडाखाली जाऊन. परत येऊन तोंडानं काही सांगू नका. श्वास असला तर नुसती मान हलवा.