शेपटीकडचे मुंगळे

मेलिंग तान दारात येऊन उभी राहिली, तेव्हा खेमसिंग राठोड चहात बिस्कीट बुडवत होता. तिला पाहून त्याचा हात तिथेच थांबला आणि बिस्किटाचा कपात लगदा झाला.

तीन दिवसांपूर्वी दारव्ह्याजवळच्या पाझर तलावात जी नाव उलटली, ती या बाईची होती. आणि त्या नावेत खेमसिंगची भाची बसलेली होती.

"मले तुमची मदत पाहिजे, ताई," मेलिंग इंदुताई काळमेघांना म्हणाली. मलेशियातली ही बाई सेंद्रिय कापूस घेणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या कामाला दोन वर्षांपूर्वी दारव्ह्यात आली. मराठी शिकली ती घरमालकीण अनवरीकडून, त्यामुळे अस्सल वऱ्हाडी. एरवी खेमसिंग हसला असता.

इंदुताईंनी विमा कंपनीच्या तपासनीस म्हणून वीस वर्षं लोकांची खोटी दुखणी उघडी पाडली होती. आता यवतमाळात त्यांचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं. खेमसिंग निवृत्त हवालदार. तो त्यांची जीप चालवायचा आणि सगळ्यांत शेवटी समजून घ्यायचा.

"पहिलेपासून सांगा," इंदुताई म्हणाल्या.

दोन हजार सहाचा डिसेंबर होता. पेपरात रोज कापसाच्या बातम्या, त्याही वाईट. गावातली पोरं पारावर बसून त्याच पुन्हा पुन्हा वाचायची. त्यांचं डोकं दुसरीकडे वळावं म्हणून मेलिंगने आपल्याकडचा खेळ इथे आणला: ड्रॅगन बोट. लांबलचक नाव, पुढे ड्रॅगनचं मुंडकं, मागे शेपटी. वीस जण जोडीजोडीने बसून वल्ही मारतात. मुंडक्यापाशी ढोल वाजवणारा, शेपटीकडे सुकाणू धरणारा. ज्या तालुक्यात टँकर आला की मागे वरात निघते, तिथे नावेची शर्यत! लोकांनी पोट धरून हसून घेतलं. मग मोहल्ल्यातली आणि तांड्यातली पोरंपोरी हळूहळू जमली. गॅरेजवाल्या अब्रारने नाव बांधली. पंधरा दिवसांनी नागपूरला शर्यत होती.

रविवारी पूजा झाली, पाहुण्यांची भाषणं झाली, नाव निघाली. तलावाच्या मध्यावर तिची शेपटी बसली आणि नाव उलटली. अब्रारने काठावरून ट्रकच्या ट्यूब फेकल्या, कोळ्यांचे डोंगे धावले. सगळे निघाले. एक नाही निघाला. एकोणीस वर्षांचा इमरान, अब्रारचा धाकटा भाऊ, अनवरीचा लेक.

"शेपटीकडे दोन भोकं आहेत," मेलिंग सांगत होती. "सरावानंतर आतलं पाणी काढाले. त्याले लाकडाचे बूच असतात. सारे म्हणतात, अब्रारनं बूच ढिले ठोकले. अब्रारही तेच म्हणते. म्हणते, मीच माह्या भावाले मारलं. उद्या ठाणेदार त्याले घेऊन जाईन. मी त्यायच्या घरात राहते, ताई. अनवरीभाभी माह्यासमोर ताट ठेवते अन् एक शब्द बोलत नाही."

"पोरांले पोहता येत होतं?" इंदुताईंनी विचारलं.

"मी इचारलं होतं. साऱ्यायनं हात वर केला होता."

"अन् ते फुगीर जॅकेट?"

"नागपूरहून यायचे होते. पाहुण्यायची तारीख ठरली होती."

इंदुताईंनी चपला घातल्या.

तलावाच्या काठावर टिनाची शेड होती. ओढून आणलेली नाव तिच्यात लाकडी घोड्यांवर पडली होती. ड्रॅगनच्या डोळ्यांतला रंग ओघळला होता. खेमसिंगला तिकडे पाहवेना.

इंदुताई सरळ शेपटीकडे गेल्या. दोन्ही भोकं मोकळी. केसातली पिन काढून त्यांनी एका भोकाची कड कोरली. कापसाचा बारीक पुंजका आला.

"सांध्यांमंधी कापूस अन् डांबर भरलं आहे ना," खेमसिंग जाणकारासारखा म्हणाला.

"सांध्यातला कापूस काळा आहे, खेमसिंग. हा पांढरा आहे."

मग त्या खाली वाकून घोड्यांखालचं भुशाचं कुटार पायाने उकरत राहिल्या. खेमसिंग कंबरेवर हात ठेवून उभा. थोड्या वेळाने त्यांनी त्याच्या तळहातावर दोन लाकडी बूच ठेवले. कोरडे ठणठणीत.

"भेटले की!" खेमसिंग म्हणाला. "म्हणजे ढिलेच होते."

"पाण्यात निसटलेले बूच तरंगत काठाले लागतात. हे चालत शेडमंधी आले काय?"

खेमसिंगने हातातल्या बुचांकडे पुन्हा पाहिलं. कोणीतरी ते जमिनीवर असतानाच काढले होते. मुद्दाम.

अब्रार गॅरेजच्या बंद शटरपुढे बसला होता. डोळे कोरडे, दाढी वाढलेली.

"शनिवारी दुपारी मी दोन्ही ठोकले, मॅडम. ठोकले असतीन. आता मलेच भरोसा नाही."

"त्यानंतर शेडमंधी कोण कोण आलं?"

"शाम आला, पाट बसवाले. लालीबाई आली, सारवाले. मेलिंगबाई त होतीच. चावी तिच्याकडंच असते."

"इमरानले पोहता येत होतं?"

"नाही." अब्रारने चेहरा फिरवला. "मले मालूम नव्हतं. दफन झाल्यावर दोस्तायनं सांगितलं."

शाम हा सुकाणूवाला. दांडगा गडी. "मले काय माहीत, मॅडम? मी त पहिलेपासून वैतागलो होतो. नाव काठाले लागून उभी होती, भाषणं संपता संपत नव्हते, अन् माह्या पायाले मुंगळे तोडून राह्यले होते."

"मुंगळे? पूजेचा गूळ-खोबरं कुठं ठेवलं होतं?"

"तिकडं, ड्रॅगनच्या तोंडात. मी त शेपटीकडं होतो."

इंदुताईंनी मान डोलावली. "तुले पोहता येते?"

"कायचं पोहणं, मॅडम! इथं विहिरीत बादली बुडत नाही. पण तिनं साऱ्यायसमोर इचारलं. पोरी बसल्या होत्या. हात खाली कसा ठेवू?"

जीपमध्ये खेमसिंगला राहवलं नाही. "अख्खी टीम अशीच असन काय, ताई?"

"तिच्या देशात हात वर म्हणजे हो. आपल्याकडं हात वर म्हणजे इज्जत," इंदुताई म्हणाल्या. "चल तांड्यावर. तुह्या बहिणीकडं."

खेमसिंगची बहीण लालीबाई लेकीच्या उशाशी बसून होती. लेक म्हणजे वर्षा, ढोलवाली. पोरगी तापाने फणफणली होती. खेमसिंगने तिच्या कपाळावर हात ठेवला.

"कशी वाचली गं, बाई?"

"ढोलाच्या पाटाखाली डबे होते, मामा. तेलाचे रिकामे. नाव उलटली, पाट सुटला अन् डबे वर आले. मी त्यायलेच मिठी मारली."

"डबे कोणं ठेवले?" इंदुताईंनी विचारलं.

"याडीनं," वर्षाने आईकडे पाहिलं. "शनिवारी बांधून गेली. म्हणे, उंच बसशीन त मागल्या पोरांले ढोल दिसन."

खेमसिंगचे डोळे भरून आले. "देवानंच बुद्धी दिली माह्या बहिणीले," तो म्हणाला. लालीबाईने पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला उठली.

चहाचा घोट घेऊन खेमसिंगने भुवया उडवल्या. "साखरेचा? तुह्या घरी कवापासून साखर आली? तू त गुळाशिवाय चहाले चहा म्हणत नाहीस!"

"संपला," लालीबाई म्हणाली.

इंदुताईंनी कप तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनवरीच्या अंगणात सगळे जमले. इंदुताईंनीच बोलावलं होतं. ठाणेदार खुर्चीवर, अब्रार त्याच्या शेजारी, जणू आताच पकडला आहे. मेलिंग, शाम आणि लालीबाई. अनवरी दाराच्या चौकटीला टेकून होती. सहा दिवसांपूर्वी ती मेलिंगला भाकरी थापायला शिकवत होती.

इंदुताईंनी एका पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडलं होतं आणि ते कशाने तरी बुजवलं होतं. डबा विटांवर ठेवून त्यांनी त्यात घागरीतलं पाणी ओतलं. एक थेंबही गळाला नाही.

"हे राहू द्या इथं," त्या म्हणाल्या. "ठाणेदार साहेब, बूच पाण्यात निसटले नाहीत. ते शेडमंधल्या कुटारात कोरडे भेटले. म्हणजे नाव निघाच्या पहिलेच कोणीतरी काढले."

"मंग नाव काठावरच भरली असती," ठाणेदार म्हणाला. "भाषणं होईस्तोवर ती पाण्यात उभी होती."

"म्हणून भोकं रिकामे नव्हते. त्यात असं काही भरलं होतं, जे पहिले धरून राह्यते अन् मंग सोडून देते. मले भोकाच्या कडेले पांढरा कापूस भेटला. अब्रारचा कापूस डांबरात काळा झालेला आहे. अन् शामच्या पायाले मुंगळे चावले. प्रसाद होता ड्रॅगनच्या तोंडात. मुंगळे शेपटीकडं काहून आले?"

खेमसिंग डोकं खाजवत होता.

"गूळ," इंदुताई म्हणाल्या. "कापसाचा बोळा गुळाच्या पाकात बुडवून ठोकला. वाळला की दगड. पाण्यात विरघळते, पण हळूहळू. आपल्याकडं गळक्या मडक्याले बाया असंच बुजवतात, बाजारातून दुसरं आणेपर्यंत."

अब्रार उठून उभा राहिला होता. "मंग कोणं केलं? कोण होता तो?"

"तू नव्हता. तुले नाव बुडवाची असती त एक खिळा उपटला तरी पुरलं असतं. शाम नव्हता. त्याले पोहता येत नाही अन् तो त्याच भोकायवर पाय ठेवून बसला होता. मेलिंगबाई नव्हती. अब्रारनं गुन्हा कबूल केला होता, तिले फक्त गप्प राहाचं होतं. पण ती माह्याकडं आली." इंदुताई थांबल्या. खेमसिंगकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि खेमसिंगला त्या नजरेचं भय वाटलं. "मी एकच गोष्ट इचारली स्वतःले. नाव बुडणार हे ज्याले मालूम होतं, त्यानं बुडाची तयारी केली असन. त्या नावेत एकाच माणसासाठी तरंगाची सोय होती."

टप्.

डब्याखाली पहिला थेंब पडला. मग दुसरा. मग बोळा निसटला आणि पाण्याची धार अंगणात पसरली.

लालीबाई किंचाळली. पाण्यापासून असे पाय ओढले, जणू ते उकळतं होतं.

"नाही!" खेमसिंग ओरडला. "ताई, तिची पोरगी होती नावेत! स्वतःच्या लेकीले कोणी..."

"म्हणूनच तर आपल्याले कोणाले शक आला नाही, खेमसिंग. काल तिनं चहात गूळ घातला नाही. तिले तो पाहवत नव्हता."

लालीबाई त्या ओल्या जमिनीवरच बसली. भावाकडे पाहत बोलू लागली. "भिया, वर्षाले पोहता येत नाही. तिनं हात वर केला अन् घरी येऊन हसली. मी लय सांगितलं, ऐकेना. नागपूरचा तलाव किती खोल! बाईले सांगितलं असतं त पोरीची साऱ्यायसमोर लाज गेली असती." तिने श्वास ओढला. "सराव रोज काठानंच व्हायचा, गुडघाभर पाण्यात. मले वाटलं, तिथंच बसन नाव. हसतीन सारे, कपडे ओले होतीन, अन् खेळ बंद पडन. मी घरी दुपारी परातीत पाहिलं होतं, बोळा लगेच विरघळला होता. सकाळचं पाणी इतकं थंड असन, बोळा मधात जाईस्तोवर टिकन, अन् पाहुण्यायले दाखवाले नाव त्या दिवशी मधात नेतीन, हे मले कोण सांगणार होतं? डबे त असेच बांधले. मायचं मन."

मेलिंगने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नाव मध्यावर न्यायला तिनेच सांगितलं होतं.

अब्रार खाली बसला आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडला. छाती फुटेल असा रडला. त्याचे बूच पक्के होते. त्याने भावाला मारलं नव्हतं. पण भाऊ परत आलाही नव्हता.

बहिणीला उठवावं की तिच्यापासून दूर सरावं, हे खेमसिंगला कळेना. आयुष्यभर त्याने गुन्हेगार पाहिले होते. एकाच्याही हातची भाकर त्याने खाल्ली नव्हती.

ठाणेदार उठला. तेवढ्यात अनवरी चौकट सोडून पुढे आली. सगळे बाजूला झाले. ती आता लालीबाईच्या झिंज्या धरेल असंच खेमसिंगला वाटलं आणि धरल्या असत्या तर त्याने सोडवलं नसतं.

अनवरी तिच्यासमोर उकिडवी बसली.

"वर्षानं तुले सांगितलं असन, अजून कोणाकोणाले पोहता येत नाही ते."

लालीबाईने मान हलवली. हो.

"माह्या इमरानचंही?"

"हो."

"बजारात दर आठवड्याले भेटत होतीस, लालीबाई," अनवरी म्हणाली. "मले काहून नाही सांगितलं?"