खांब गावचा चौथा पोल

बसा रे, बसा. पेणची लाईट एकदा गेली की अर्धा तास काही येत नाही. उद्यापासून कामाला लागणार म्हणे तुम्ही, वायरमन होणार! मग हे ऐकूनच जा. आणि तो मोबाईल खाली ठेव आधी, उजेड काय मारतोस तोंडावर माझ्या?

ही सुरभीची गोष्ट. निडीची पोरगी, आयटीआय केलेली. मी तेव्हा रोह्याला एका लाईन कंत्राटदाराकडे स्टोअर सांभाळायचो. पकड, बेल्ट, हातमोजे, सगळं रोज तिला माझ्या हातून जायचं. म्हणजे यात ऐकीव काही नाही. तिनं सांगितलेलं आणि मी या डोळ्यांनी बघितलेलं, तेवढंच.

पोरगी पोलावर चढते म्हणून निडीत लोक हसायचे. "आता तारेवरच संसार मांड गो," म्हणायचे. तिला त्याचं काहीच नव्हतं. तिला वायरमनचा परवाना पाहिजे होता, बस्स. त्यासाठी हाताखाली काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला होता प्रविण मिस्त्रीच्या हातात.

प्रविण तिचा उस्ताद. दादा म्हणायची त्याला. शिडीवर पाय कसा रोवायचा इथपासून सगळं त्यानं शिकवलं, खोटं कशाला बोलू. आणि शिकवताना दर वेळी उदाहरण द्यायचा केरूचं. हा केरू सात वर्षांपूर्वी प्रविणच्याच हाताखाली होता. खांब गावच्या लाईनवर, चौथ्या पोलावर, शॉक लागून गेला.

"काम झालं, उतरलो, असं मला सांगितलंन, आन् परत चढला येडा," प्रविण म्हणायचा. "स्वतःच्या हातानं मेला. तू तसं नको करू गो."

सुरभीला वाईट वाटायचं, आणि केरूचा रागही यायचा. असा कसा बेफिकीर माणूस, म्हणायची.

दोन हजार चोवीस साल. डिसेंबरची अकरा तारीख, बुधवार. त्याच चौथ्या पोलावरचा तारेचा जोड जळाला म्हणून तक्रार आली. अर्ध्या तासाचं काम. अंधार पडल्यावर दोघं मोटारसायकलवरून निघाले. वाटेत कोलाडला थांबले. प्रविणनं तिला चहा पाजला, भजी खाऊ घातली. "पंधरा तारखेला दाखला देतो तुझा," म्हणाला. पोरगी हवेतच!

गावाच्या वळणावर डीपी आहे. ट्रान्सफॉर्मर, आणि त्याखाली फ्यूजची पेटी. आता एक रीत सांगतो, ती गाठीला बांधून ठेवा. जो वर चढणार त्यानंच फ्यूज उपसायचे आणि स्वतःच्या पिशवीत घालून वर न्यायचे. म्हणजे खालच्याला लहर आली तरी तारेत करंट सोडता येत नाही. सुरभीनं तिन्ही फ्यूज उपसले, पिशवीत टाकले. अख्खी वाडी काळोखात गेली. प्रविण डीपीपाशी थांबला. ती शेताच्या बांधानं चौथ्या पोलाकडे गेली. दोन्ही बाजूंना वाल लावलेले, माणूस नाही काणूस नाही. कपाळाला दिवा बांधला, कमरेला बेल्ट. पावणेआठला वर.

काम झकास चाललं होतं. आठ वाजून गेले. एक बोल्ट आवळायचा राहिला.

"सुरभी, उतर."

तिला वाटलं, प्रविणदादा.

"दादा, एकच बोल्ट राह्यलाय!" तिनं वरून हाळी दिली.

तिनं वाकून बघितलं. शिडीखाली कोणी नव्हतं. प्रविण तिकडे लांब, डीपीपाशीच. त्याच्या मोबाईलचा उजेड दिसत होता.

"उतर गो..."

या वेळी कानापाशी.

ती पोलाच्या टोकाला. तिच्या वर नुसतं आभाळ.

"तू उतर... मी हाय हितं."

काय सांगू तुम्हाला. हातातला पाना गळून पडला. बेल्ट सुटता सुटेना. सुटला. एक पायरी... दुसरी... वर बघायचं नाही. तिसरी... पाय जमिनीला लागला.

आणि वर तड्ड!

निळा लोळ उठला. ठिणग्या तिच्या खांद्यावर पडल्या. वाडीतले दिवे लागले, आणि पलीकडच्या मांडवात हळदीचा डीजे सुरू झाला.

तिनं पिशवीत हात घातला. एक... दोन... तीन. तिन्ही फ्यूज तिच्यापाशी.

ती पळत डीपीपाशी आली. पेटी उघडी. फ्यूजच्या जागी प्रविणनं उघड्या तारा पिळून घातलेल्या. हळदीवाला कंत्राटदाराचा खास माणूस, पाच मिनिटांत लाईट पाहिजे म्हणून त्याचा फोन आला होता. एवढंच कारण. एका हळदीचं नाचणं थांबलं होतं.

"दादा, मी वर होते."

प्रविणनं मोबाईल खिशात घातला.

"माझा दिवा दिसत होता ना तुला? हितनं दिसत होता ना?"

"दिसत... होता."

तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या डोक्यावरून मागे बघत होता.

"अजून... दिसतोय."

सुरभी वळली.

चौथ्या पोलाच्या टोकाला दिवा. बारीक. पिवळा. हळूहळू फिरला... आणि डीपीकडे बघून थांबला.

तिचा स्वतःचा दिवा तिच्या कपाळावर होता.

"केरू..." प्रविणच्या तोंडून निघालं.

तेवढ्यावर तिला सगळं कळलं. "दादा, केरूलापण असाच..."

त्यानं पुरतं ऐकलंही नाही. गाडीला किक मारली आणि पळाला. पोरीला तिथंच टाकून! तो दिवा, ते शेत आणि ती. हायवेपर्यंत चालत आली, एका टेम्पोत बसली, रात्री माझ्या दारात. मला वाटलं, भ्यायलीय. पण ती दिव्याचं बोलतच नव्हती. रडत एकच सांगत होती, "काका, त्याला ठाव होतं मी वर हाय. भजी खाऊ घातलीन मला, आन् त्याला ठाव होतं..."

सकाळी मी ऑफिस उघडलं तर प्रविण आधीच पायरीवर. आंघोळ करून, भांग पाडून. आमच्याकडे कामाची एक वही असायची, ती मिस्त्रीजवळ राहायची. नाव, चढल्याची वेळ, उतरल्याची वेळ, सही. सकाळी मी त्यावर शिक्का मारायचो. त्यानं ती बंद वही माझ्यापुढे ठेवली.

"पोरीनं उतरले म्हणून सही केली, आन् परत चढली," तो म्हणाला. "वाचली नशिबानं. मी काय दाखला देत नाय असल्या बेफिकीर पोरीला."

सुरभी दारात उभी होती. मी वही उघडून पान तिच्याकडे केलं. उतरल्याची वेळ, आठ वाजून पाच मिनिटं. पुढे सही.

"काका, ही सही माझी नाय," ती म्हणाली.

आता माझं पाप ऐका, पोरांनो. सात वर्षांपूर्वी याच प्रविणनं अशीच वही माझ्यापुढे ठेवली होती. केरूच्या नावापुढे उतरल्याची वेळ होती, सही होती. ती केरूची नव्हती. मला कळलं होतं! रोज माझ्यासमोर सही करून सामान न्यायचा तो. तरी मी शिक्का मारला. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. आणि त्याच्या आईला, हौसाबाईला, घरी जाऊन सांगून आलो की चूक तुझ्याच पोराची. माऊली मला चहा घेऊन जा म्हणाली.

त्या सकाळी पुन्हा शिक्का माझ्या हातात. पान माझ्याकडे फिरवलं. सुरभीच्या ओळीखाली बघितलं... आणि शिक्का खाली ठेवला.

"प्रविण, ही खालची ओळ वाच."

"खालची कुठली? मी एकच..."

तो वाकला. वाकलेलाच राहिला. मग हेल्मेट टेबलावरच सोडून चालता झाला. रोह्यात तो पुन्हा कोणाला दिसला नाही. सुरभीचा दाखला मी त्याच दिवशी लिहिला आणि कंत्राटदाराच्या उरावर बसून सही घेतली. आज ती नागोठण्याला कामाला आहे, परवानावाली. उस्ताद मात्र पुन्हा कोणाला केलं नाही तिनं.

ओळ काय होती म्हणता? नाव, केरू. चढल्याची वेळ, आठ वाजून पाच मिनिटं. तारीख आदल्या दिवसाची, अकरा डिसेंबर. सही त्याचीच, पेन इतकं दाबून केलेली की मागच्या पानावर बोटाला लागत होती.

आणि उतरल्याची वेळ... तो रकाना कोरा होता.