उरलंसुरलं

नळाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यातली बिस्किटं कधीच संपली होती. आता त्यात औषधं असत आणि खोल्यांच्या त्या रांगेतले सगळे त्याला ‘उरलंसुरलं’ म्हणत. कुणाला ताप आला, छाती भरली, दाढ सुजली, की दवाखान्यातून औषध आणायचं, बरं वाटलं की थांबायचं आणि राहिलेलं डब्यात टाकायचं. पुढच्या आजाऱ्याला मग दवाखान्याची पायरी चढावी लागत नसे. पोटासाठी परमुलखात आलेल्यांना दवाखाना म्हणजे एका दिवसाचं काम बुडणं, खिडकीतल्या बाईची भाषा न कळणं आणि वर मुकादमाचं वाकडं तोंड बघणं. त्यापेक्षा डबा बरा. त्यात माया होती, हेही खरंच. माणसं तोंडचा घास काढून ठेवावा तशी तोंडची गोळी काढून ठेवत.

रांगेच्या उजव्या टोकाच्या खोलीत फरशीवाला आणि त्याची बायको राहत. तो बांधकामांवर फरश्या बसवायचा. ती गणवेशाच्या कारखान्यात तयार सदरे तपासायची. सुटलेला टाका, उलटं लागलेलं बटण, एका बाहीला वाकडी गेलेली शिवण तिला हातभर लांबून दिसे. घरी आल्यावरही तिला ही नजर काढून ठेवता येत नसे. “अगं, मी सदरा नाही,” तो तिला चिडवायचा.

त्याची मान कायम खाली. आभाळात काय चाललंय ते त्याला डबक्यात बघून कळतं, असं रांगेतले म्हणत.

शेजारच्या खोलीत हुकवाला एकटा राहायचा. क्रेनच्या हुकाला ओझं बांधायचं त्याचं काम. कुठल्याही दारातून बाहेर पडताना तो थांबायचा, मान वर करायचा, डोळ्यांनी काहीतरी डावीकडून उजवीकडे जाऊ द्यायचा आणि मगच पाऊल टाकायचा. सुट्टीच्या दिवशी नळावर जातानासुद्धा. लोक हसले की म्हणायचा, “कामाची सवय. जात नाही.”

थंडी सुरू झाली तेव्हा त्याची छाती भरली. दवाखान्यातून त्याने लाल-पिवळ्या कॅप्सूलच्या पट्ट्या आणल्या, दोन-तीन दिवसांत उठून बसला, राहिलेल्या डब्यात टाकल्या आणि कामावर गेला. पण आजार गेला नव्हता, नुसता दबा धरून बसला होता. कामावरच ताप परत चढला. भोवळ येत असलेल्या माणसाला वर बघायचं भान कुठून राहणार? सळ्यांचा भारा सुटला तेव्हा तो बरोबर खाली उभा होता.

त्याचे कपडे, घोंगडी, चपला रांगेतल्यांनी नीट बांधून त्याच्या घरी पाठवल्या. डब्यातल्या कॅप्सूल कुणाला आठवल्या नाहीत. पुढे खोकल्याची साथ रांगेत खोलीखोलीतून फिरली, तेव्हा मात्र सगळ्यांना आठवल्या. लाल-पिवळ्या घरोघरी गेल्या आणि खोकले थांबले. फरशीवाल्यानेही घेतल्या. एकट्या त्याच्या बायकोला खोकला झालाच नाही.

तिने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चहा गाळत होती. नवरा नळावर निघाला, उंबऱ्यात थांबला आणि त्याने मान वर केली.

“काय बघताय?”

“कुठे काय?” म्हणत तो गेलाही.

मान अवघडली असेल, असं ती स्वतःला म्हणाली. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता आणि तेवढी सवडही नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तो परत थांबला, आणि या वेळी तिने त्याचे डोळे पाहिले. ते संथपणे डावीकडून उजवीकडे गेले, वर काहीतरी जड लोंबकळत चालल्यासारखे. मग त्याने पाऊल टाकलं. हा टाका त्याचा नव्हता.

त्याच आठवड्यात त्याच्या सामानाच्या पिशवीची गाठ तिला सुटेना. फरशीवाल्याला साधी गाठ धड येत नसे, एरवी त्याची पिशवी वाटेतच उघडायची. ही गाठ दुहेरी होती, घट्ट आणि देखणी. तिला ती शेवटी कात्रीने कापावी लागली.

“ही कुणी बांधली?”

“मीच. दुसरं कोण बांधणार?” तो म्हणाला आणि आपल्याच बोटांकडे बघत बसला.

मग त्याला ताप भरला. थांबलेला खोकला दुपटीने परत आला. रांगेतल्या सुतारकाकू डबा घेऊनच दारात आल्या, पण या वेळी तिने कुणाचं ऐकलं नाही. कारखान्यात रजा टाकली आणि नवऱ्याला धरून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, थुंकी तपासायला पाठवली, आणि घरी कुठलं औषध दिलं ते विचारलं. तिने डब्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, नुसत्या दमल्यासारख्या दिसल्या.

“त्या कॅप्सूल याच्यावर आता चालत नाहीत,” त्या म्हणाल्या. “औषध अर्धवट सोडलं की जंतू मरत नाहीत. शिकतात.”

“काय शिकतात?”

“टिकून राहायला. आता दुसरं औषध देते. बरं वाटलं तरी थांबायचं नाही. शेवटची गोळी पोटात गेलीच पाहिजे.”

तिने ते कानात कोरून घेतलं. आपला माणूस आपल्याला अख्खा परत हवा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. गोळ्यांच्या वेळा ती डोळ्यांत तेल घालून सांभाळू लागली. ताप उतरला, तो भिंतीला टेकून बसू लागला, जेवू लागला. तिचा जीव भांड्यात पडला. आणि त्याच दिवशी तो म्हणाला, “आता बस झालं. उरलेल्या डब्यात टाक.”

“शेवटपर्यंत घ्यायच्यात.”

“दुसऱ्याला लागतील.”

“दुसऱ्याचं दुसरा बघेल.”

पुढच्या प्रत्येक गोळीला हेच. आवाज त्याचाच, पण मागणारा कुणी वेगळाच असावा असं तिला वाटे. ओळखीच्या माणसाला घरात अडवून ठेवावं आणि त्याने आतून दार वाजवत राहावं, तसं.

शेवटची गोळी तिने दुपारी दिली. तो बराच वेळ ती तळहातावर घेऊन बसला.

“ही नको देऊस,” तो म्हणाला. “मग मला ते दिसणार नाही.”

“काय दिसणार नाही?”

त्याची नजर दाराबाहेर, वर गेली. तिने पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला.

दुसऱ्या दिवसापासून तिचा नवरा तिला परत मिळाला. मान खाली, नजर पायाशी, पिशवीची गाठ वाटेत सुटणारी. ती इतकी खूश झाली की त्याच्या समोरच रडली. “अगं, सदऱ्यात दोष निघाला की काय?” तो म्हणाला, आणि ती रडता रडता हसली.

मग तिने डब्याचा निकाल लावला. तो दवाखान्यात नेऊन औषधं परत घ्यायच्या पेटीत उपडा केला. इतक्यांनी इतके दिवस खाऊनही त्यात लाल-पिवळ्या कॅप्सूल होत्या. तिला ते खटकलं, पण तिने खोलात जायचं टाळलं.

रिकामा डबा फळीवर ठेवताना सुतारकाकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“सगळ्या टाकल्यास?”

“हो काकू. राग मानू नका.”

“राग नाही गं.” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पण आता त्याचं कसं व्हायचं?”

“कुणाचं?”

“तुझ्या नवऱ्याचं.”

पुढच्या दुखण्याचं म्हणत असतील, असं तिने धरलं.

तो कामावर परत जायचा होता त्या दिवशी तिने उशिराची पाळी मागून घेतली. एरवी ती रांगेत सगळ्यांच्या आधी बाहेर पडायची. इतर माणसं घरातून कशी निघतात, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

ऊन नुकतंच अंगणात आलं होतं. नवरा आत पिशवी भरत होता आणि ती बाहेर भिंतीपाशी उभी होती.

रांगेतली दारं उघडली. सुतारकाका, काकू, गवंडी, रंगारी, त्याची बहीण. सगळे आपापल्या उंबऱ्यात थांबले आणि सगळ्यांनी मान वर केली.

वर मोकळं आभाळ होतं. विजेची तारदेखील नव्हती.

सगळ्यांचे डोळे एकाच संथ वेगाने डावीकडून उजवीकडे सरकू लागले. उजव्या टोकाच्या, तिच्याच खोलीसमोरच्या अंगणावर ते आले आणि थांबले.

पुढे सरकेनात.

तिचा नवरा पिशवी खांद्याला लावून दारात आला. मान खाली, नजर पायाशी.

“थांब रे जरा,” सुतारकाका म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता.

“उशीर होतोय, काका.” तो उंबरा उतरला आणि चालू लागला.

“अहो,” तिने हाक मारली.

तो अंगणाच्या मध्यावर थांबला, मागे वळला आणि तिच्याकडे बघून हसला.

रांगेतल्या सगळ्यांनी एकाच वेळी डोळे मिटून घेतले.