ओलं फडकं आणि सोनेरी सिंह

प्रेम म्हणजे सिंहासन! त्यावर बसलेला माणूस राजा होतो, जग पायाशी येतं, काळही हात जोडून उभा राहतो. एवढंच, की लग्नघरी असलं सिंहासन भाड्याने येतं, आणि पाहुणे गेल्यावर त्यावरची बासुंदी कुणालातरी खरवडावी लागते.

रोह्यात हे काम नूतन करायची. वडील गुणाजी केटरिंगचा स्वयंपाक बघायचे, टेबलं-खुर्च्या नूतनच्या. बिजागऱ्यांना तेल, पायांना रबरी बूट, मखमलीत डांबराच्या गोळ्या... जीव लावला होता तिने. पण नवरा-नवरीच्या दोन सिंहमुखी खुर्च्यांचा सोनेरी रंग उडाला होता, आणि गुणाजींनी बजावलं होतं, "खांब गावच्या लग्नात कुणी नावं ठेवली, तर तुझं सगळं फर्निचर भंगारात. मग राहा घरी."

त्या दुपारी एका हॉलमध्ये ती खुर्च्या तपासत होती — म्हणजे बसायची, हलायची, उठायची, पुढच्या खुर्चीवर बसायची. दारात गणपतीची मूर्ती कवटाळून एक तरुण उभा राहिला.

"कुठे बसायचं ते ठरत नाय वाटतं?"

"करकरते का बघतेय. पाहुणा पडला तर तुम्ही झेलणार?"

"पाहुण्याचं नाय सांगत..." तो थबकला. "तुमचं बघू."

नूतनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उकाडाच फार, असं तिने स्वतःला सांगितलं.

तो जोहे गावचा आदेश. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायचा. टकले सिंह बघून हळहळला आणि दुसऱ्या दिवसापासून रंग घेऊन नूतनच्या गोदामात हजर. डोळ्यांपाशी मात्र काम अडलं.

"जमत नायत," तो म्हणायचा, आणि नूतनकडे बघायचा.

"सिंह तिकडे हाय."

"व्हय. पण तो लाजत नाय."

शेवटी डोळे जमले. लग्नाच्या सकाळी खांबच्या मांडवात नूतनने सवयीने ओलं फडकं फिरवलं, आणि...

"आदेश, तुझा सिंह माझ्या फडक्यात आलाय!" ती फोनवर ओरडली.

"पाणी लावलंस?"

"खुर्ची हाय ती! पुसतात!"

"मूर्तीला कोण पाणी लावतं गो... विसर्जनाआधी?"

"तुझं काम पाण्यात जायचं असतं. माझं टिकायचं असतं!"

तिने फोन ठेवला. मग रडू आलं. बरंचसं खुर्च्यांसाठी, थोडं त्याच्यासाठी.

तो आला. केसांत हायवेची धूळ, पिशवीत रंग आणि पारदर्शक लाखेचे स्प्रे. नूतनने न बोलता मांडवातला मोठा पंखा ओढून आणला. त्याने रंग भरला, श्वास रोखून डोळे काढले, वरून लाख मारली.

"हात लावू नको."

"तू बोलू नको."

मुहूर्ताआधी वराची आजी, बायजाबाई, खुर्चीपाशी थबकली. आदेशच्या हाताला डोळे एकाच देवाचे माहीत. सिंहही गणपतीसारखे मायेने बघत होते. आजीने हात जोडले आणि सिंहाच्या कपाळाला ओलं हळदकुंकू लावलं. मागे बायकांची रांग लागली. नवरा-नवरी ताटकळत उभी.

"झालं!" गुणाजी कडाडले. "डागाळल्या खुर्च्या. पूस गो आता!"

नूतनने आदेशकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. तिने ओलं फडकं फिरवलं. हळद आली... कुंकू आलं... सोनं जागच्या जागी!

गुणाजींनी फडकं उलटसुलट केलं, वाससुद्धा घेतला. तेवढ्यात वराचे काका आले. "शेठ, आमच्या मुलीच्या लग्नालाही ह्याच खुर्च्या हव्यात."

"माझ्याशी काय बोलता?" गुणाजींनी छाती फुगवली. "फर्निचरची मालकीण ती काय उभी हाय!"

पंगती उठल्या, मांडव रिकामा झाला. आदेश एका खुर्चीवर अवघडून बसला होता.

"नूतन... आजवर जे मनापासून केलं, ते पाण्यात सोडलं. पहिल्यांदाच वाटतंय, कोणालातरी... जन्मभर सोडू नये. तुझं काय?"

नूतनच्या हातातला झाडू थांबला.

"माझं सकाळीच ठरलं. तू आलास तेव्हा. रागात होते, म्हणून बोलले नाय."

कुणीतरी सनई पुन्हा लावली. वारा आला, मांडवाच्या झालरी थरथरल्या. आदेशला गहिवरून आलं.

"आदेश..." ती अगदी जवळ येऊन, हळूच म्हणाली.

"बोल ना."

"जरा पाय वर घे. खाली भात सांडलाय."